मोरघारीचा नर

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक वृद्ध पक्षितज्ज्ञ राहत असत. शिकारी पक्ष्यांच्या अभ्यासात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. मोरघार या गरुडकुळातील पक्ष्यावरचा त्यांचा ग्रंथ प्रमाण मानला जाई. त्यात एक वाक्य होते : 'अंडी केवळ मादीच उबवते, नर घरट्यावर बसत नाही.'

तात्यांच्या गुडघ्यांना आता चढण सोसत नव्हती. म्हणून त्या हिवाळ्यात त्यांची शिष्या कल्याणी मोरघारीचे घरटे असलेल्या कड्यासमोर दिवसभर बसून नोंदी करीत होती. महिनाअखेरीस तिने वही दाखवायला आणली. चाळता चाळता तात्या थांबले. रोजच्या नोंदीत दुपारच्या वेळेपुढे काहीतरी लिहून खोडलेले होते.

"हे काय?"

"माझीच बघण्यात चूक झाली असेल, तात्या."

"रोज एकाच वेळी?"

कल्याणी खाली मान घालून म्हणाली, "दुपारी मादी खायला उडून जाते आणि नर अंड्यांवर येऊन बसतो. चांगला पाऊण तास. पण पुढच्या आठवड्यात तुमचा सत्कार आहे. याच ग्रंथासाठी."

तात्यांनी वही ठेवून घेतली.

सत्काराच्या दिवशी शाल स्वीकारून ते उभे राहिले आणि भाषणाऐवजी त्या खोडलेल्या नोंदी वाचू लागले. शेवटी म्हणाले, "माझ्या ग्रंथातले वाक्य चुकीचे आहे. या मुलीने ते सुधारले." कल्याणीला मान वर करवेना.

परतताना तिने विचारले, "आजच सांगायला हवं होतं का?"

तात्या प्रसन्नपणे हसले. "अकरा हिवाळे मी तिथं बसलो. पण दुपारी भाकरी खायला झऱ्यावर उतरायचो. नर नेमका तेव्हाच येत असणार. मला दिसलं नाही, एवढंच खरं होतं. मी मात्र लिहिलं, की तसं घडतच नाही. आज गप्प बसलो असतो, तर त्या चुकीचाही सत्कार झाला असता. आणि तू जन्मभर कड्याकडे बघण्याआधी माझं पुस्तक उघडलं असतंस. मग तुला मी शिकवलं तरी काय?"

दुसऱ्या सकाळी तात्याही तिच्याबरोबर निघाले. दहा ठिकाणी थांबत दोघे कड्यासमोर पोहोचले. दुपारी मादी उडाली, आणि नर अलगद अंड्यांवर टेकला. तात्या दुर्बिणीतून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"बसतो की छान," ते हळूच म्हणाले.

कल्याणीने वेळ पाहिली आणि वहीत नोंद केली.