कलम आणि कुलूप

"सूर्य मावळायच्या आत हे कुलूप उघड. नाहीतर उद्या सकाळी आमराई कलम!" राजेसाहेब म्हणाले. गप्प बसायची हीच वेळ होती, म्हणून मी बोलले.

"सरकार, कलम करायचं काम माझं. तुमचं नव्हे."

दरबार हसला. राजेसाहेब हसले नाहीत. आमराईच्या जागी त्यांना हत्तींच्या झुंजीसाठी मैदान हवं होतं. मी त्यांची माळीण, ठकू. त्यातली निम्मी झाडं मी माझ्या हातानं कलमं बांधून वाढवलेली. आदल्या दिवशी मी त्यांचे पाय धरून इतकी रडले की कंटाळून त्यांनी ही अट घातली.

कुलूप त्यांनी स्वतःचं डोकं चालवून घडवून घेतलं होतं. त्याला किल्लीच नाही. पितळेच्या पाच कड्या आणि प्रत्येक कडीवर काना-वेलांटीसकट अक्षरंच अक्षरं. कड्या फिरवून नेमका शब्द जुळला की पेटी उघडणार. पेटीत राजशिक्का.

"शिक्का तुझ्या हाती आला तर आमराई तुझी," राजेसाहेब म्हणाले. "हवं तितक्यांदा चूक. फक्त शब्द आधी मला मोठ्यानं ऐकवायचा, मग कड्या फिरवायच्या."

ही अट कशासाठी, तर त्यांना 'चूक' म्हणायची भारी हौस.

दिवाणजी म्हणाले, "ठकू, आत्ता सुरुवात केलीस तरी तुझी पणतवंडं अजून कड्याच फिरवत असतील."

"आधी माझ्या लेकाचं लग्न तर जमू दे, दिवाणजी," मी म्हटलं. तोंडाचं काही नाही, ते चालतच असतं.

मग मी अक्कल चालवली. मुंग्यांना कुणी न दाखवता वाट सापडते, हे मी बागेत रोज बघते. म्हटलं, यांच्याकडून शिकावं. कुलपाला गूळ चोळला आणि बागेतल्या मुंग्या आणून सोडल्या. मुंग्यांना वाट सापडली, पण गुळाची. गूळ संपल्यावर माझ्या लुगड्याची. भर दरबारात मी अशी काही नाचले की राजेसाहेबांना हसून हसून उचकी लागली. उचकी थांबावी म्हणून त्यांनी पान लावायला सांगितलं.

पदरानं कुलूप पुसत मी तोंडाला येतील ते पाच अक्षरी शब्द सांगत सुटले. राजाच्या कुलपात काय असतं ते माझ्यासारखीला काय ठाऊक? जिभेवर आमचं स्वयंपाकघरच.

"गवारभाजी."

"चूक," राजेसाहेब मजेत कचाकचा पान चावत म्हणाले.

"मीठमिरची."

"चूक." पण चावणं जरासं मंदावलं. मला वाटलं, भास असेल.

"कचराकुंडी." पुन्हा मंदावलं. "आकाशगंगा", "काळापहाड", तेच. मधेच "जांभूळबन" म्हटलं तर जबडा पुन्हा जोरात सुरू. म्हणजे एखादं अक्षर जागेवर बसलं की चावणं मंदावत होतं.

आता एवढी वर्षं झाडांत काढलीत, तेवढं तरी यायलाच हवं. चांगलं झाड ठेवायचं, रोगट उपटायचं. दोन चांगली सापडली तर एकाच्या बुंध्यावर दुसऱ्याची फांदी बांधायची. काय लागेल ते आधी कुणालाच कळत नाही. बांधायचं आणि बघायचं.

मी काळापहाडच्या बुंध्यावर कचराकुंडीचा शेंडा बांधला. "काळाराकुंडी."

"हा काय शब्द आहे?" राजेसाहेब खुशीत चावू लागले. उपटून टाकला.

मीठमिरचीचा बुंधा, आकाशगंगेचा शेंडा. "मीठशगंगा."

"चूक." जबडा अगदी सावकाश.

त्यावर काळापहाडचं टोक बांधलं. "मीठशहाड."

जबडा अर्ध्यात थांबला. दिवाणजी म्हणाले, "या बाईला ऊन लागलंय." मी म्हटलं, लागू दे. ठ काढून तिथे कचराकुंडीतला च बसवला.

"मीचशहाड."

पानाचा लाल ओघळ राजेसाहेबांच्या पांढऱ्या अंगरख्यावर उतरला. त्यांना पत्ताच नाही.

आता उरली शेवटची कडी. बाहेर सूर्य देवळाच्या कळसाला टेकला होता आणि कुऱ्हाडवाले फाटकाशी येऊन बसले होते. मी घसा खाकरून म्हटलं, "मीच शहाणी."

"णी नाही, णा!" राजेसाहेब ताडकन उठले. "मी काय बाई आहे?"

मी कडी 'णा'वर आणली. खट्ट! पेटी उघडली. जीभ घसरली होती की मी मुद्दाम म्हटलं, ते मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

"ही लबाडी आहे," राजेसाहेब गरजले. "माझं कुलूप कुणालाही फोडणं शक्य नव्हतं."

शिक्का घट्ट मुठीत धरून मी म्हटलं, "कुलूप पक्कंच आहे, सरकार. त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. फितूर झालं ते पान."

राजेसाहेबांनी अंगरख्याकडे बघितलं. मग पेटीकडे, मग 'मीच शहाणा' वाचून गालात हसणाऱ्या दिवाणजींकडे. आणि असे हसू लागले, असे हसू लागले, की उचकी परत सुरू.

"कुऱ्हाडवाल्यांना घरी पाठवा," ते कसेबसे म्हणाले. "आमराई हिची. आणि हे पण हिला देऊन टाका." त्यांनी चांदीचं पानदान माझ्यापुढे सरकवलं. "कुलूप सांभाळायचं तर मला हे परवडायचं नाही."

मी पानदान पोटाशी धरून रुबाबात निघाले. आत गुलकंद होता, हे मला दारापाशी कळलं. मुंग्यांना आधीच कळलं होतं. पुन्हा नाचत गेले ती थेट आमराईत.