लिनबाबाचं पहिलं पान

फार वर्षांपूर्वी, वेळशीच्या खाडीत गलबतं लागत होती तेव्हाची ही गोष्ट. एका माघात चीन देशाचं तारू खडकावर फुटलं आणि एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. तो तिकडचा वैद्य, नाव लिन. औषधांची पेटी समुद्रात गेली, पाठीवरची लांब वेणी तेवढी राहिली. त्या वेणीला सगळं गाव हसलं. पण डोंगरावर लाल बोरं दिसली तेव्हा लिन ढसाढसा रडला, कारण त्याच्या देशीही बायकांच्या दुखण्यावर हेच औषध होतं, असं म्हणतात.

गावात चंद्रा नावाची सून होती. तिची पाळी दोन वर्षं थांबलेली, हात गार, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मूल होईना, म्हणून सासूने, यसूबाईने, वैशाखात मुलाचं दुसरं लग्न ठरवलं होतं. चंद्राला माहेरी कोणी नव्हतं. सवत आली की आपली जागा गोठ्यात, हे ती जाणून होती.

ती लिनकडे गेली. त्याने दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली, कितीतरी वेळ. मग मोडक्या मराठीत विचारलं, "जेवते कधी?"

"समद्यांचं झाल्यावर."

"काय?"

"उरंल ते. गार."

त्याने बोरं, सुंठ आणि गुळाचा काढा केला आणि यसूबाईला सांगितलं, "आधी हिला ऊन भात. मग काढा. मग तुम्ही."

यसूबाईने काढा नेला, अट मात्र विसरली. सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायची खोड काही आजची नाही. पंधरा दिवस झाले, गुण येईना.

तेव्हा लिन येऊन उंबऱ्यावर बसला. अन्नाला शिवेना. दारात पाहुणा उपाशी, आणि आत चूल धडधडते पण भात शिजेना, असं म्हणतात! तीन दिवस तांदूळ पाण्यात दगडासारखे पडून राहिले. चौथ्या दिवशी यसूबाई हरली.

"अगो चंद्रे, पाट घे. तू पयली बस."

ती हे बोलली मात्र, हंडी उतू गेली.

लिनने मग यसूबाईचं मनगट धरलं. तेही तसंच गार. चाळीस वर्षं तीही उरलेलंच जेवत आली होती, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. कोणासमोर न रडलेली ती बाई सुनेशेजारी बसून रडली आणि पोटभर जेवली.

वैशाख लागला तेव्हा चंद्राच्या बांगड्या मनगटातून निघेनात. ती पुन्हा बाजूला बसली, आणि यसूबाईने घरोघर साखर वाटली. असल्या गोष्टीची साखर गावाने पहिल्यांदाच खाल्ली. दुसऱ्या लग्नासाठी ठरवलेल्या मुलीच्या बापाला ती म्हणाली, "पोरीला चांगलं घर बघा. आमची सून हाय आमाला."

पुढे चंद्राला मुलं पाच झाली की सात, यावर वेळशीत अजून वाद होतात. एका गोष्टीवर मात्र वाद नाही. नवा भात आला की पहिली पंगत बायकांची, आणि वाढायला पुरुष. उंबऱ्याशी लिनबाबाचा पाट मांडतात, त्यावर बोरांच्या काढ्याची वाटी. एखादी नवी सून लाजून मागे राहिलीच, तर तिची सासूच आतून ओरडते, "भात निवतोय गो, आधी तू बस!"