चिकटीने चाचपलेली कड

माणसं औषधं शोधायच्या कितीतरी आधी, एका देहाच्या रक्तात चिकटी नावाची प्लेटलेट, म्हणजे जखमेला चिकटून रक्त थांबवणारी पेशी, राहायची. आधी बिलगायचं, चौकशी मागाहून, ही तिच्या कुळाची रीत.

एकदा वाहत आलेली कॅन्सरची पेशी कण्हली, "ताई, लागलंय गं मला." चिकटी आणि तिच्या बहिणी तिला चहूबाजूंनी बिलगल्या.

पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशींपैकी धवलमामा आले. "आत कोण?"

"जखमी आहे बिचारी," चिकटी म्हणाली. मामा पुढे निघाले.

चिकटीने जखम चाचपली. फाटलेली कड कुठेच लागेना. म्हणजे ही जखमी नव्हतीच. "मामा, मागे फिरा. बायांनो, सोडा हिला."

उघडी पडलेली पेशी मामांनी तिथेच संपवली. चिकटीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी त्या देहाचं बोट कापलं. चिकटीने आधी कड चाचपली, मग घट्ट बिलगली.