वाटी सध्या कुणाकडे आहे?

विषय : हिरेवाडीच्या मठात कायम वास्तव्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदार श्री. अनिरुद्ध चौबळ, राहणार सोलापूर, यांनी समक्ष केलेली विनंती.

उपरोक्त विषयास अनुसरून घडलेली हकिकत अशी :

“म्हणजे सगळं बुडणार, हे नक्की?” सिद्धाप्पांनी विचारलं.

“नक्की,” चौबळ म्हणाले.

“केव्हा?”

“त्याबाबत मतभेद आहेत.”

“कुणाचे?”

“लेखकांचे.”

“बरं झालं... भांडायला तरी कुणी शिल्लक आहे.”

सिद्धाप्पा हे माळावरच्या त्या मठाचे म्हातारे स्वामी. मठ म्हणजे तीन खोल्या, एक विहीर आणि दोन गाई. चौबळ हे पंपांच्या कारखान्यातले अधिकारी, मुदतीआधी निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं मधुमेहाबद्दल वाचतात. चौबळांनी संस्कृती कशा लयाला जातात याबद्दल वाचलं. कुठल्या राज्यात पाटाचं पाणी जास्त झालं आणि शेतात मीठ वर आलं, कुठे विहिरी आटल्या, कुठे कोठारं भरलेली असताना राज्य पडलं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

या वाचनातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले होते. एक, शहरात राहणं शहाणपणाचं नाही. दोन, आपण शहाणे आहोत.

“घराला गिऱ्हाईक मिळालंय,” चौबळ म्हणाले. “तुम्ही हो म्हणा, मी सही करतो. सोलापुरात माझं आता कुणी नाही.”

“तयारी?”

चौबळांनी पिशवी उघडली. गावरान बियाणं होतं. हाताने फिरवून पेटवायचा दिवा होता. गढूळ पाणी गाळायची नळी होती.

“झाली म्हणायची तयारी,” सिद्धाप्पा म्हणाले.

“फक्त एक प्रश्न सुटत नाही, महाराज. एका बेटावर लोकांनी झाडं तोडत तोडत शेवटचं झाडही तोडलं, असं वाचलंय. तोडणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय आलं असेल?”

सिद्धाप्पांनी गोठ्यातून दुधाची चरवी आणून चुलीवर ठेवली.

“हे दूध,” ते म्हणाले. “विरजायचं आहे आणि घरातलं विरजण नासलंय. काय कराल?”

“दुकानातून आणेन.”

“दुकान बुडालं.”

“मिरचीची देठं टाकूनही दही लागतं. वाचलंय मी.”

“लावलंय?”

“...नाही.”

“शेजारी नाहीत का तुम्हाला?”



“आहेत,” चौबळ म्हणाले. “गाजुल म्हणून आहेत. भिंतीला भिंत आहे. बोलणं नाही.”

“का?”

“त्यांच्या शेवग्याची फांदी माझ्या गच्चीवर आली होती. मी विजेसाठी सौर तावदानं बसवलीत, त्यांच्यावर सावली पडायची. तोडली मी ती.”

“तोडताना मनात काय आलं?”

चौबळांनी पिशवीचं तोंड आवळलं.

चुलीवरचं दूध वर आलं. सिद्धाप्पांनी ते उतरवलं.

“गाजुलांच्या घरचं विरजण घेऊन या. मग अर्जाचं बघू.”

चौबळ हे जिद्दीचे गृहस्थ. तसेच उठून त्यांनी एसटी धरली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते मठात परत हजर. हात रिकामे.

“नकार मिळाला,” ते म्हणाले. आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. “मी स्वतः दारात गेलो, महाराज. कमीपणा घेतला. गाजुलबाई म्हणाल्या, दिवेलागण झाली, आता विरजण घराबाहेर देत नाही. अंधश्रद्धा! अशा लोकांच्या शेजारी राहून माणसाने...”

“आणखी काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

सिद्धाप्पा बघत राहिले.

“सकाळी या म्हणाल्या.”

“आता काय आहे?”

चौबळांनी बाहेर पाहिलं. “सकाळ.”

“मग इथे काय करताय?”

एसटी नुकतीच निघून गेली होती. फाट्यापर्यंत चालत जावं लागलं. ते चालत गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौबळ आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची झाकणाची वाटी होती. वाटीवर कुणाच्या तरी लग्नाची तारीख आणि गाजुलांचं नाव कोरलेलं होतं.

“दिलं?”

“दिलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, भाऊ, फांदी तोडलीत ते तोडलीत, शेंगा तरी उतरवून घ्यायच्या होत्या. कोवळ्या होत्या. तुम्ही फांदीसकट कचऱ्याच्या गाडीत घातल्या.” चौबळ थांबले. “म्हणाल्या, मला राग फांदीचा नव्हता.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार...”

सिद्धाप्पांनी वाटीतलं विरजण कोमट दुधात सोडलं, ढवळलं आणि भांडं झाकलं. वाटी विहिरीच्या पाण्याने विसळून चौबळांच्या हातात दिली.

“अट पूर्ण झाली,” चौबळ म्हणाले. “आता अर्ज.”

“वाटी परत द्यायची असेल ना?”

“हो. जाता जाता देतो.”

“रिकामी?”

शेजारची वाटी रिकामी परत करू नये, हे चौबळांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. त्यांच्या आईने ती कधी तशी परत केली नव्हती. त्यांनी पिशवीत हात घातला. बियाणं, दिवा, नळी. वाटीत घालण्यासारखं काही निघालं नाही.

“मठातून मूठभर शेंगदाणे मिळतील का?”

“मठाचे शेंगदाणे मठाच्या वाटीतून जातात.”

“मग मी काय घालू?”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

“आणि गिऱ्हाईकाला काय सांगू? तो थांबणार नाही.”

सिद्धाप्पा गाईला पाणी दाखवायला निघून गेले होते.

चौबळांनी त्या रात्री घरी जवस भाजले, मिरच्या भाजल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चटणी कुटली. ती वाटीत भरून शेजारी दिली. मीठ जास्त झालं होतं. गाजुलबाईंनी भिंतीवरून तसं स्पष्ट कळवलं, आणि वाटी आंबट वरण घालून परत पाठवली. आता वाटी चौबळांकडे होती. वरण संपलं, वाटी रिकामी झाली. त्यांनी चटणी पुन्हा कुटली. या खेपेला मीठ कमी.

मध्यंतरी गिऱ्हाईकाने दुसरीकडे घर घेतलं. चौबळांनी तावदानं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. वीज थोडी कमी मिळते, असं त्यांनीच सांगितलं. त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं दिसलं नाही. वाचन चालू आहे. सगळं बुडणार, यावरही ते ठाम आहेत.

गेल्या आठवड्यात ते मठात आले ते शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन. शेंगा सिद्धाप्पांपुढे ठेवून त्यांनी अर्जाचं स्मरण दिलं.

“महाराज, निर्णय अजून झालेला नाही.”

“नाही झालेला.”

“माझा निश्चय कायम आहे.”

“असू दे की.”

“मग काय अडलंय?”

सिद्धाप्पांनी एक शेंग उचलली, वाकवून पाहिली. कोवळी होती.

अर्ज आजमितीस प्रलंबित आहे. चौबळांच्या प्रश्नावर सिद्धाप्पांनी इतकंच विचारलं,

“वाटी सध्या कुणाकडे आहे?”