माइकवरचं भांडण

नगराध्यक्ष व्हायला निघालेले दोघं बाजारतळावरच्या सभेत स्टेजवर माइक घेऊन आमनेसामने बसले आणि एकमेकांच्या सात पिढ्या उकरायला लागले. एक माजी नगराध्यक्ष हिंगमिरेसाहेब, दुसरे मुळेवकील. दीड तास झाला तरी पाण्याचं नाव नाही. खाली लोक नुसते धुमसत होते.

चंपाक्काच्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. आळीतला नळ कोरडा, घरात सून बाळंतीण, अन् अकरा दिवस ही म्हातारी टाकीजवळच्या नळावरनं हंडे वाहतेय. पाणी कधी येणार, एवढंच विचारायला ती तीनदा उठली. तिन्ही वेळा हिंगमिरे खेकसले, "ए म्हातारे, बस खाली!"

चौथ्यांदा ती सरळ स्टेजवरच चढली.

"साहेब, टाकीजवळच्या नळावर पाटी कुणी लावली ओ?"

"मीच! माझ्या सहीची आहे!" साहेबांची छाती फुगली.

"काय लिवलंय? मला धड वाचता येत नाय."

"भांडण करणाऱ्याचा हंडा रांगेच्या शेवटी!"

"मग उठा की दोघं! काल मी जरा तोंड उघडलं, तर तुमच्या माणसानं माझा हंडा पार मागं नेऊन ठेवला. तुम्ही तर दीड तास भांडताय!"

लोकांनी आरडाओरडा करत दोघांना खुर्च्यांसकट उचललं आणि पार शेवटच्या रांगेमागं नेऊन ठेवलं. माइक चंपाक्काच्या हातात आला.

"अगं बाई, माइक तरी दे!" हिंगमिरे मागनं ओरडले.

"नंबर आला की मिळंल," चंपाक्का म्हणाली. "आधी कान उघडे ठेवून आमचं ऐका."