अकरा अधिकारी आणि एक घोडी

साहेबाच्या अमदानीत घाटमाथ्यावरच्या एका रानात एक तरुण घोडी राहत असे. लहानपणी ती एका तांड्यातून मागे राहिली होती. आपले म्हणावे असे तिला रानात कुणी नव्हते.

रानाखालच्या मैदानात दर रविवारी गोरे मळेवाले, वकील आणि डॉक्टर हौसेने घोडदळाची कवायत करत. निम्मे घोड्यावरून पडत, मग सगळे मिळून चहा पीत. ते पाहून रानातल्या वडीलधाऱ्यांनाही हौस आली. म्हातारा कोल्हा कर्नल झाला, वानर मेजर झाला, साळिंदर सुभेदार झाले. असे अकरा अधिकारी नेमून झाल्यावर लक्षात आले, की शिपाई कुणीच नाही आणि घोडाही नाही. त्यांनी घोडीला बोलावले. कोल्हा म्हणाला, "दोन्ही जागा तूच भर. मग रोज संध्याकाळी वडाखाली आमच्यात बसायला मिळेल." घोडीला तेवढेच हवे होते. ती लगेच हो म्हणाली.

दळाचे नियम दोनच. हुकूम आल्याशिवाय शिपायाने पहारा सोडायचा नाही, आणि घोडदळाच्या अधिकाऱ्याने पायी कुठे जायचे नाही. पहिल्याच दिवशी, लांडगे येतील म्हणून, घोडीला टेकडीच्या माथ्यावर उभे केले. "बदलीचा हुकूम घेऊन येतो," कोल्हा म्हणाला. आता मुलांनो, हुकूम घेऊन टेकडी चढायची तर घोड्यावर बसून चढायला हवी, आणि घोडा तर वर पहाऱ्यावर. या अडचणीवर वडाखाली अकरा बैठका झाल्या. मग विषय मागे पडला.

लांडगे आले नाहीत. कुणीच आले नाही. घोडी माथ्यावरचे गवत खाई, डबक्यातले पाणी पिई. खालून हसण्याचा आवाज आला की कान टवकारून ऐकत राही. सहा महिन्यांनी एक टिटवी तिथे उतरली.

"कुणाची वाट बघतेस गं?"

"बदलीची."

"दळ केव्हाच मोडलं. आता ते नुसत्या आठवणी सांगत बसतात."

"माझी सांगतात का?"

टिटवी डबक्याकाठचे किडे टिपू लागली.

घोडी टेकडी उतरली. वडाखाली वानर लांडग्यांना कसे पळवून लावले ते रंगवून सांगत होता. तिला पाहून तो थांबला.

"हुकमाशिवाय खाली कशी आलीस?" कोल्ह्याने विचारले.

"कर्नलसाहेब, हुकूम घेऊन कोण येणार होतं?"

"ते वरिष्ठ बघतील. आमच्या वेळी असं उलट बोलत नसत. पण पोर समजून माफ करतो. आणखी सहा महिने पहारा कर, मग बस आमच्यात."

घोडीने त्यांच्या घोळक्याकडे पाहिले. वानर आणि साळिंदर यांच्यामध्ये जागा होती, अगदी तिच्याएवढी.

"नको," ती म्हणाली.

"मग एकटी पडशील, पोरी."

"त्याचा सराव तुम्हीच करून घेतलात."

ती चालू लागली. मागून कुणी हाक मारली नाही. मारली असती तर आपण वळलो असतो, हे तिला ठाऊक होते. म्हणून ती जरा भरभरच चालली.

तात्पर्य : जे आपल्यासाठी चार पावले पायी यायला तयार नाहीत, ते वयाने कितीही मोठे असले तरी त्यांच्यात बसायला मिळावे म्हणून आयुष्य पहाऱ्यावर घालवू नये.