शेवंतामावशींचा ओला रुमाल

विद्यापीठाच्या मुलींसाठी नवं वसतिगृह बांधायचं होतं. त्याचं थर्माकोलचं मॉडेल कुलगुरूबाईंच्या टेबलावर ठेवून मुख्य अभियंता रणदिवेसाहेब ऐटीत म्हणाले, "यात एक चूक दाखवा, आराखडा बदलून देतो."

जुन्या वसतिगृहात वीस वर्षं मुलींची काळजी घेणाऱ्या शेवंतामावशी तिथे होत्या. खोल्यांत ओले कपडे टांगून मुली पावसाळाभर खोकतात, हे त्या रोज पाहायच्या. त्यांनी एक ओला रुमाल पुढे केला.

"साहेब, एवढा वाळत घाला की तुमच्या इमारतीत."

"गच्चीवर घाला."

"तिथे सोलर पॅनेल. दाराला कुलूप राहणार, असं तुम्हीच म्हणालात."

"मग खिडकीत!"

"खिडकीत कपडे दिसायचे नाहीत, हा नियमही तुमचाच."

"खोलीत घाला हो बाई!"

"दोन खाटांमधून अंग चोरून जावं लागणार. दोरी कुठे बांधू?"

मावशींनी रुमाल मॉडेलच्या प्रवेशद्वाराच्या उंच कमानीवर अलगद पसरला. साहेबांच्या नावाची पाटी पार झाकली गेली.

"मग इथंच बरं. ऊनही छान येतं. तीनशे मुलींना सांगून ठेवते."

कुलगुरूबाईंना हसू आवरेना. साहेबांनी मुकाट्याने पेन्सिल काढली.

आता तिथे प्रत्येक मजल्यावर कपडे वाळवायला जाळीची गॅलरी आहे. माझी ताई तिथेच राहते. यंदा पावसाळ्यात ती एकदाही खोकली नाही. आईने मावशींसाठी डिंकाचे लाडू केले. मी ते उन्हात कडक वाळलेल्या रुमालात बांधून दिले.